क्लक्स्टनची किक-आउट: एका गोलरक्षकाच्या कारकिर्दीचा अभ्यास

मार्च 2023 च्या अखेरीस आयर्लंडमधल्या क्रोक पार्क स्टेडियमवर डब्लिन आणि लाउथ या दोन काउंट्यांचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) गेलिक फुटबॉलच्या लीगचा सामना होता. लीगही दुसऱ्या श्रेणीची. सलग सहा वर्षं देशाचं विजेतेपद मिरवलेल्या डब्लिनवर तिथे खेळायची वेळ यावी, हीच मोठी नामुष्की होती. सामन्याआधी बदली खेळाडूंच्या यादीत एक नाव दिसलं आणि स्टेडियमभर कुजबुज सुरू झाली. स्टीफन क्लक्स्टन, गोलरक्षक, वय 41. तो शेवटचा खेळला होता त्याला सव्वादोन वर्षं होऊन गेली होती. जाताना त्याने निवृत्ती जाहीर केली नव्हती आणि येतानाही कुणाला काही सांगितलं नाही. किट घातलं आणि बाकावर येऊन बसला.

चार महिन्यांनी त्याच मैदानावर डब्लिनने केरीला 1-15 विरुद्ध 1-13 असं हरवून ऑल-आयर्लंड विजेतेपद परत मिळवलं. गोलमध्ये क्लक्स्टन होता. हे त्याचं नववं पदक. जेम्स मॅकार्थी आणि मायकल फिट्झसिमन्स या त्याच्या साथीदारांचंही त्या दिवशी नववं झालं. त्याआधी गेलिक फुटबॉलमध्ये आठाच्या पुढे कोणीच गेलं नव्हतं. आठवर थांबलेल्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या केरीच्या सोनेरी संघातले खेळाडू होते, आणि त्यांची नावं आयर्लंडमध्ये अजून आदराने घेतली जातात.

झेप घेऊन चेंडू अडवायला डब्लिनकडे तरुण गोलरक्षक होतेच. मग चाळिशी उलटलेल्या माणसाला परत का आणलं? त्याचं उत्तर गोलरक्षणात फारसं सापडत नाही. ते किक-आउटमध्ये आहे.

खेळ कसा चालतो

गेलिक फुटबॉल आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून चार ओळी. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू. मैदान फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच लांब, 130 ते 145 मीटर. चेंडू हातात धरता येतो, पण तो घेऊन चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. मग तो जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायावर टाकून पुन्हा हातात घ्यायचा. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन खांबांमधून मारला तर एक गुण, त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. म्हणून धावफलकावर 1-12 लिहिलेलं असलं की एक गोल आणि बारा पॉइंट, एकूण पंधरा असं वाचायचं. काउंट्यांचा वरिष्ठ सामना 70 मिनिटांचा.

या खेळाची सूत्रं 1884 मध्ये थर्ल्स या गावी स्थापन झालेल्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनकडे, म्हणजे जीएएकडे आहेत. खेळ आजही हौशी आहे. क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजारांवर माणसं तिकीट काढून येतात, पण मैदानावरच्या तिसातल्या एकालाही पगार नसतो. क्लक्स्टन पेशाने शाळेत शिक्षक. दिवसा वर्ग आणि संध्याकाळी सराव, अशी जवळपास सगळी कारकीर्द गेली. खेळाडूंची खरेदी-विक्रीही नाही. तुमच्या गावाच्या क्लबकडून खेळायचं आणि निवड झाली तर तुमच्या काउंटीकडून. क्लक्स्टनचा क्लब पार्नेल्स, उत्तर डब्लिनमधला. काउंटी अर्थातच डब्लिन.

आता किक-आउट. समोरच्या संघाने गुण मिळवला किंवा चेंडू टोकाच्या रेषेबाहेर मारला की खेळ पुन्हा सुरू करायची जबाबदारी गोलरक्षकाची. तो चेंडू टी नावाच्या छोट्या टेकूवर ठेवून लाथाडतो. समोरच्यांनी सोळा वेळा गुण मिळवले आणि नऊ-दहा वेळा चेंडू बाहेर घालवला, तर आपल्या गोलरक्षकाला एका सामन्यात पंचविसेक किक-आउट माराव्या लागतात. चेंडू कुणाकडे जाणार हा प्रश्न सत्तर मिनिटांत पंचवीस वेळा नव्याने विचारला जातो, आणि दर वेळी पहिली चाल गोलरक्षकाची असते.

पिढ्यानपिढ्या त्याचं उत्तर एकच होतं: जोर लावून लांब मारा. चेंडू मैदानाच्या मध्यावर आकाशातून खाली यायचा, त्याखाली चार-सहा धिप्पाड गडी उड्या मारायचे आणि ज्याच्या हाती लागला त्याचा. लोकांना ते फार आवडायचं. उंच उडी घेऊन दोन हातांत चेंडू धरणारा मिडफिल्डर हा या खेळाचा राजपुत्र होता. गोलरक्षकाचं काम लांब मारण्यापुरतं. पण हिशेब केला तर ही निव्वळ चिठ्ठी टाकण्यासारखी गोष्ट होती. आपल्या हातात असलेला चेंडू आपणच निम्म्या-निम्म्या शक्यतेवर हवेत उडवायचा.

पहिली दहा वर्षं

क्लक्स्टनचा जन्म डिसेंबर 1981 चा. डब्लिनच्या वरिष्ठ संघातून तो 2001 मध्ये चॅम्पियनशिपचा, म्हणजे ऑल-आयर्लंड विजेतेपदाच्या स्पर्धेचा, पहिला सामना खेळला. पुढच्याच वर्षी त्याला ऑल स्टार मिळाला, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम पंधरा जणांत गोलरक्षक म्हणून त्याची निवड झाली. वय वीस. सुरुवात झकास होती.

त्यानंतर मात्र दीर्घ उपास. 2002 ची उपांत्य फेरी अर्माविरुद्ध एका गुणाने गेली. बरोबरी करू शकणारी शेवटची फ्री किक खांबावर आदळली. 2003 मध्ये अर्माविरुद्धच समोरच्या फॉरवर्डला लाथ मारल्याबद्दल क्लक्स्टनला लाल कार्ड मिळालं, संघ चौदा जणांवर आला आणि हरला. 2006 च्या उपांत्य फेरीत मेयोविरुद्ध सात गुणांची आघाडी असताना पराभव. 2007 मध्ये केरीकडून. 2009 च्या उपांत्यपूर्व फेरीत केरीने 1-24 विरुद्ध 1-7 असा सतरा गुणांनी धुव्वा उडवला. 2010 ची उपांत्य फेरी कॉर्कने एका गुणाने जिंकली. डब्लिनला शेवटचं विजेतेपद 1995 मध्ये मिळालं होतं. राजधानीचा संघ, मोठा गाजावाजा, निळ्या जर्सींनी भरलेलं हिल 16 स्टँड, आणि ऑगस्ट उलटला की सगळे घरी.

या काळात क्लक्स्टन उत्तम गोलरक्षक मानला जायचा, 2006 आणि 2007 मध्ये पुन्हा ऑल स्टार झाला, आणि हातात पदक एकही नव्हतं. तिशीला टेकलेला हौशी खेळाडू अशा वेळी बहुधा थांबतो. कुटुंब असतं, नोकरी असते, गुडघे दुखत असतात.

बदल

2009 मधल्या त्या सतरा गुणांच्या पराभवानंतर प्रशिक्षक पॅट गिलरॉय यांनी संघाची मोडतोड करून नव्याने बांधणी केली. बचाव घट्ट केला, नवी पोरं आणली. पण या लेखाला लागणारा बदल वेगळा आहे. किक-आउटसाठी चिठ्ठी टाकणं त्यांनी बंद केलं.

क्लक्स्टन डावखुरा. त्याची किक उंच कमानीची नसायची. चेंडू खालून, सपाट आणि वेगाने जायचा, तीस मीटरवर किंवा पन्नास मीटरवर, आणि धावणाऱ्या माणसाच्या छातीशी पोचायचा. ‘धावणाऱ्या’ या शब्दावर जोर आहे. माणूस उभा असेल तर त्याला खेटून पहारेकरी उभा असतो. म्हणून चेंडू माणसाकडे मारायचा नाही, माणूस दोन सेकंदांनी जिथे पोचेल तिथे मारायचा. त्यासाठी बाकीच्यांनाही पळावं लागतं. एक जण मुद्दाम मध्याकडे धाव घेऊन आपल्या पहारेकऱ्याला ओढून नेतो, त्याने मोकळ्या केलेल्या कडेच्या पट्ट्यात दुसरा घुसतो. पॉल फ्लिन या हाफ फॉरवर्डचं अर्धं नाव याच धावांनी झालं. चेंडू त्याच्या हाती पडायचा तेव्हा समोरच्या संघाची मधली फळी ओलांडून झालेली असायची.

दुसरी गोष्ट वेगाची. समोरच्याने पॉइंट मारला की तो दोन क्षण खूश होतो, हात वर करतो, वळून आपल्या जागी जायला लागतो. क्लक्स्टन ते दोन क्षण वापरायचा. गोलमागून दुसरा चेंडू घ्यायचा, ठेवायचा, मान वर करायची आणि मारायचा. फलाटावर गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीची जागा धरणाऱ्या मुंबईकरासारखं हे काम होतं. बाकीचे अजून दार कुठे येईल ते बघत असतात. गुण समोरच्यांना मिळालेला, पण पुढचा हल्ला आधीच डब्लिनचा सुरू झालेला.

यात धोका किती आहे हेही बघायला हवं. लांब मारलेला चेंडू गेला तर तो आपल्या गोलपासून साठ-सत्तर मीटरवर जातो. जवळ मारलेला चेंडू चुकला तर तो थेट गोलच्या तोंडाशी समोरच्याच्या हातात पडतो. म्हणजे गोलरक्षकाने दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा, ब्याऐंशी हजार लोकांसमोर, असा निर्णय घ्यायचा की जो चुकला तर दोष फक्त त्याचा. हे काम करायला पाय अचूक लागतो, त्याहून जास्त लागते ती थंड डोक्याने बघण्याची सवय. क्लक्स्टन मुलाखती जवळजवळ देत नाही, कॅमेऱ्यापासून लांब राहतो. त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय चालायचं हे त्याच्या तोंडून फारसं कुणी ऐकलेलं नाही. मैदानावर दिसतं तेवढंच आपल्याला मिळतं.

18 सप्टेंबर 2011

अंतिम सामना, समोर केरी. शेवटची दहाएक मिनिटं उरलेली असताना केरी चार गुणांनी पुढे होती. बदली आलेल्या केव्हिन मॅकमॅनमनने गोल केला, मग बरोबरी झाली, डब्लिन पुढे गेलं, केरीने पुन्हा बरोबरी साधली. भरपाईच्या वेळात मॅकमॅनमनला पाडल्याबद्दल डब्लिनला फ्री किक मिळाली, गोलपासून चाळीसेक मीटरवर.

ती मारायला क्लक्स्टन आला. दुसऱ्या टोकाच्या गोलमधून, अख्खं मैदान चालत. जमिनीवरून लांबच्या फ्री किक मारायचं काम त्याच्याकडे आधीपासून होतं, त्यामुळे डब्लिनच्या लोकांना याचं नवल नव्हतं. पण आपला गोल रिकामा टाकून, बरोबरीत असलेल्या अंतिम सामन्यात, सोळा वर्षांच्या दुष्काळाचं ओझं घेऊन चालत जाणं! त्याने चेंडू ठेवला, मागे गेला, मारला. दांडीवरून, खांबांच्या मधून. 1-12 विरुद्ध 1-11.

ही किक आयर्लंडमध्ये हजारदा दाखवली गेली आहे आणि क्लक्स्टनचं नाव निघालं की लोकांना हीच आठवते. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा अर्थ लावायला ती थोडी आडच येते. ती एक किक होती, आणि तशी किक मारणारे इतरही होते. त्याच सामन्यात आणि पुढच्या बारा वर्षांत त्याने मारलेल्या शेकडो किक-आउट कुणी पुन्हा पुन्हा दाखवत नाही, कारण त्या बघताना काही घडल्यासारखं वाटतच नाही. चेंडू जातो, कुणीतरी धरतो, खेळ चालू.

बाकीच्यांनी काय केलं

2013 पासून प्रशिक्षक जिम गॅव्हिन आणि कर्णधार क्लक्स्टन. त्या वर्षी मेयोला एका गुणाने हरवून डब्लिन विजेता झाला. 2014 च्या उपांत्य फेरीत डोनेगलने 3-14 विरुद्ध 0-17 असं हरवलं. डब्लिन पुढे धावत राहिलं आणि मागच्या रिकाम्या मैदानातून डोनेगलने गोल केले. गॅव्हिन यांच्या सात वर्षांतला चॅम्पियनशिपमधला हा एकमेव पराभव. तिथून ऑगस्ट 2021 पर्यंत डब्लिन चॅम्पियनशिपचे 45 सामने हरलं नाही.

2015 ते 2020, सलग सहा विजेतेपदं. त्याआधी कोणत्याही काउंटीला पुरुषांच्या फुटबॉलमध्ये सलग पाचही जमली नव्हती. 2013 धरून क्लक्स्टनने या विजेतेपदाचा सॅम मॅग्वायर चषक कर्णधार म्हणून सात वेळा उचलला. (आपल्या लोकांसाठी एक गंमत: त्याच्या नऊ पदकांपैकी 2017, 2018, 2019 आणि 2023 ही चार पदकं आली तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. स्वतः डब्लिनचे, आणि वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.)

समोरच्या संघांनी हातावर हात धरून बसायचं ठरवलं नव्हतं. 2016 च्या उपांत्य फेरीत केरीने पहिल्या अर्धात सगळे फॉरवर्ड पुढे ढकलून क्लक्स्टनच्या जवळच्या किकच बंद केल्या. मोकळा माणूस दिसेना, किक चुकल्या, मध्यंतराच्या आधीच्या काही मिनिटांत केरीने दोन गोल केले आणि पाच गुणांनी पुढे असलेलं डब्लिन मध्यंतराला पाच गुणांनी मागे होतं. ही पद्धत तोडता येते हे त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. पण तसा दाब सत्तर मिनिटं टिकवायला जी दमछाक होते ती कुणालाच परवडत नाही. दुसऱ्या अर्धात केरीचे पाय जड झाले आणि डब्लिन 0-22 विरुद्ध 2-14 असं जिंकलं.

क्लक्स्टनने दुसऱ्यांच्या डोक्यात काय भरवलं होतं ते त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात दिसलं. मेयोविरुद्धचा पहिला सामना बरोबरीत सुटला. मेयोचा गोलरक्षक डेव्हिड क्लार्क चेंडू अडवण्यात अव्वल, पण किक-आउट त्याची दुबळी बाजू मानली जायची. पुन्हा खेळवलेल्या सामन्यासाठी प्रशिक्षक स्टीफन रॉचफर्ड यांनी क्लार्कला बसवलं आणि लांब, चांगली किक असलेल्या रॉब हेनेलीला घेतलं. अंतिम सामन्यासाठी, गोलरक्षक, किक-आउटपायी बदलला! पंधरा वर्षांपूर्वी असा विचार कुणी बोलून दाखवला असता तर लोक हसले असते. दुसऱ्या अर्धाच्या सुरुवातीला एक साधा उंच चेंडू हेनेलीच्या हातून निसटला, तो परत मिळवण्याच्या धडपडीत त्याने पॅडी अँड्र्यूजला खाली ओढलं. पेनल्टी आणि काळं कार्ड, म्हणजे तेव्हाच्या नियमानुसार खेळाडू उरलेल्या सामन्यासाठी बाहेर, पण त्याच्या जागी बदली चालायचा. मैदानाबाहेर जायची वेळ आली आणि त्याच्या जागी बाकावरून कोण आलं? क्लार्क. आल्या आल्या पहिलं काम डियर्मुड कॉनोलीच्या पेनल्टीसमोर उभं राहणं. गोल झाला. डब्लिन 1-15, मेयो 1-14.

रॉचफर्ड यांच्यावर भरपूर टीका झाली. मला ती थोडी अन्यायाची वाटते. त्यांचं निदान चूक नव्हतं. क्लक्स्टनशी बरोबरी करायची तर किक-आउट सुधारायलाच हवी होती. पण औषध घाईत दिलं गेलं. डब्लिनमध्ये जी गोष्ट अख्ख्या संघाच्या धावांवर उभी राहिली होती ती मेयोला एका माणसाच्या बदलीने दोन आठवड्यांत मिळणार नव्हती.

2017 चा अंतिम सामनाही मेयोविरुद्ध, तोही एका गुणाचा. डीन रॉकने भरपाईच्या वेळात फ्री किक मारून डब्लिनला पुढे नेलं. (ती मारताना मेयोच्या ली कीगनने आपल्या अंगावरचं जीपीएस यंत्र काढून त्याच्या दिशेने भिरकावलं होतं. हौशी खेळ आहे म्हणून सगळं सात्त्विक असतं असं नाही.) नंतर क्लार्कला किक-आउट मारायची होती, मेयोची शेवटची संधी. डब्लिनच्या खेळाडूंनी काय केलं? आपापल्या जवळच्या मेयोच्या माणसाला धरून सरळ खाली पाडलं, म्हणजे जवळ कुणी मोकळा राहायलाच नको. क्लार्कने लांब मारलेला चेंडू कडेच्या रेषेबाहेर गेला. एका काळ्या कार्डाची किंमत मोजून डब्लिनने ती किक-आउट निकामी केली. किक-आउटचं मोल यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं असणार?

निवड समितीला काय दिसलं

आता एक तपशील, जो या अभ्यासात मला सर्वात बोलका वाटतो. 2015, 2016, 2017, 2018 या चारही वर्षी विजेता डब्लिन, कर्णधार क्लक्स्टन. या चार वर्षांत गोलरक्षकाचा ऑल स्टार त्याला एकदाही मिळाला नाही. 2015 मध्ये केरीचा ब्रेंडन किली, पुढची दोन वर्षं डेव्हिड क्लार्क, 2018 मध्ये मोनाहनचा रॉरी बेगन. अंतिम सामन्यात क्लक्स्टनसमोर हरलेल्या गोलरक्षकाला त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरवायची वेळ तीन वेळा आली.

यात कटकारस्थान शोधायचं कारण नाही. तिघेही चांगले होते, आणि ज्या गोलरक्षकाच्या अंगावर सामन्यात सहा वेळा चेंडू येतो त्याला सहा वेळा उडी मारून दाखवता येते. क्लक्स्टनच्या अंगावर चेंडू यायचाच कमी, कारण तो समोरच्यांकडे असायचाच कमी. चांगल्या किक-आउटने जे हल्ले झालेच नाहीत ते मोजायचे कसे? अडवलेला चेंडू टीव्हीवर दिसतो. न आलेला दिसत नाही.

2019 मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. केरीविरुद्धच्या अंतिम सामन्यात पॉल गीनीची पेनल्टी क्लक्स्टनने अडवली. जॉनी कूपर बाहेर गेल्यामुळे डब्लिन बराच वेळ चौदा जणांनी खेळत होतं, सामना 1-16 असा बरोबरीत सुटला आणि पुन्हा झालेल्या सामन्यात 1-18 विरुद्ध 0-15 असं जिंकून सलग पाचवं विजेतेपद आलं. ती पेनल्टी गेली असती तर पुन्हा सामना व्हायची वेळ बहुधा आलीच नसती. त्या वर्षी ऑल स्टार मिळाला आणि देशातला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मानही. गोलरक्षकाला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. 37 व्या वर्षी, आणि कारकिर्दीच्या एकोणिसाव्या मोसमात.

दुसरी बाजू

हे सगळं एका माणसाच्या डाव्या पायाने घडलं असं म्हणणं खोटं ठरेल. डब्लिनची लोकसंख्या इतर कुठल्याही काउंटीच्या कितीतरी पट. जीएएकडून खेळाच्या विकासासाठी डब्लिनला मिळालेल्या पैशावरून आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला आहे, आणि तो निराधार नाही. लाइट्रिमसारख्या छोट्या काउंटीने कितीही हुशार किक-आउट मारल्या तरी तिला सहा विजेतेपदं मिळणार नाहीत. शिवाय ती पिढीच असामान्य होती. ब्रायन फेंटन 2015 मध्ये आला आणि 2021 पर्यंत चॅम्पियनशिपचा एकही सामना हरला नाही. असे मिडफिल्डर समोर असले की लांब मारलेली किकही बहुतेक वेळा आपल्याकडेच येते.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. चेंडू हातचा जाऊ द्यायचा नाही, हे एकदा सगळ्यांना पटल्यावर सगळेच तसं खेळू लागले. जवळची किक, मग आडवे पास, मागे पास, मिनिटभर कुणी कुणावर धावून जात नाही. उंच उडीचा राजपुत्र बेकार झाला. 2017 मध्ये ‘मार्क’चा नियम आणला गेला: 45 मीटर रेषेवर किंवा तिच्यापुढे किक-आउट हवेतच स्वच्छ धरली तर फ्री किक. म्हणजे लांब मारण्याला बक्षीस. तरी बहुतेक गोलरक्षक जवळच मारत राहिले, कारण बक्षिसापेक्षा खात्री बरी.

क्लक्स्टन स्वतः मात्र गोल सोडून फारसा हिंडला नाही. बेगन, टिरोनचा नायल मॉर्गन, अर्माचा ईथन रॅफर्टी हे पुढच्या पिढीचे गोलरक्षक चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यापलीकडे धावू लागले, सोळाव्या खेळाडूसारखे. गोलरक्षक हाही हल्ल्याचा भाग आहे, हे दार उघडलं क्लक्स्टनने. आत जाऊन धिंगाणा घातला तो यांनी.

पुन्हा 2023

डिसेंबर 2020 मध्ये, महासाथीमुळे रिकाम्या असलेल्या क्रोक पार्कवर, 39 व्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी आठवं पदक घेऊन क्लक्स्टन बाजूला झाला. इव्हन कमरफर्डने गोल सांभाळला, आणि तो काही कच्चा नव्हता. पण 2021 मध्ये मेयोने डब्लिनची मालिका थांबवली, 2022 ची उपांत्य फेरी केरीने शेवटच्या किकवर एका गुणाने जिंकली. दोन्ही पराभव गोलरक्षकाच्या माथी मारता येणार नाहीत. तरीही तेव्हाचे प्रशिक्षक डेसी फॅरेल यांनी जुना माणूस परत आणला.

वय वाढलं की आधी वेग जातो, मग उडी. नजर आणि पायाचा अंदाज सर्वात शेवटी. ज्याची खरी कमाई तीस-पन्नास मीटरवरचा मोकळा माणूस इतरांच्या अर्धा सेकंद आधी ओळखण्यात होती, त्याला एक्केचाळिसाव्या वर्षी फारसं काही गमवावं लागलं नव्हतं. निव्वळ झेपेवर जगणारा गोलरक्षक या वयात परतला असता तर त्याचे हाल झाले असते. क्लक्स्टनला त्या वर्षी पदकासोबत सातवा ऑल स्टारही मिळाला. 2024 मध्ये तो पुन्हा खेळला, आणि जूनअखेर उपांत्यपूर्व फेरीत गॉलवेने डब्लिनला एका गुणाने बाहेर काढलं.

त्याच वर्षी जीएएने खेळाचे नियम मुळापासून तपासायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जिम गॅव्हिन, म्हणजे जवळच्या किक-आउटचा सर्वाधिक फायदा झालेल्या संघाचे प्रशिक्षक. समितीने सुचवलेले आणि 2025 मध्ये लागू झालेले नियम सांगतात की किक-आउट गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीच्या बाहेर गेलीच पाहिजे. त्या कमानीबाहेरून दांडीवर मारलेल्या चेंडूला आता दोन गुण आहेत, आणि आपल्या अर्ध्या मैदानात गोलरक्षकाला मागे पास देण्यावर मोठी बंधनं आली आहेत. क्लक्स्टनने सुरू केलेलं दुकान गॅव्हिन यांनी बंद केलं, असं म्हणायचा मोह होतो.

पण बंद झाली ती बचावातल्या मोकळ्या माणसाला दिलेली पंधरा-वीस मीटरची सोपी किक, जी इतरांनी त्याच्यापासून उचलून सरसकट वापरली. फ्लिन कडेच्या पट्ट्यात धावत धरायचा ती सपाट, लांब, डाव्या पायाची किक या कमानीच्या बरीच पलीकडे पडायची. ती आजही नियमात बसते. आता प्रत्येक काउंटीच्या गोलरक्षकाला तीच शिकायची आहे, आणि तीही समोरचे सगळे तिची वाट बघत उभे असताना.